रिकाम्या झोळीचं वजन

मित्रांनो, आधी माझ्याकडे नीट बघून घ्या, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल. ताटलीएवढी गोल तबकडी, तिच्यावर शून्यापासून पंचवीसपर्यंतचे आकडे, मधोमध एक काळी सुई, वर टांगायला कडी आणि खाली एक हूक. लहान बाळांचं वजन करणारा मी एक टांगता काटा. आता पुरता जुना झालो आहे. काच एका कोपऱ्यात तडकली आहे, रंगाचे पापुद्रे निघाले आहेत आणि माझी स्प्रिंग अधूनमधून कुरकुरते. लोकांना वाटतं, गंज चढला असेल. तसं काही नाही. मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून मी कुरकुरतो. कितीतरी महिने बसवलेलं नाही, आणि त्याचं कारण आज तुमच्यापाशी बोलून टाकणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एका चष्मेवाल्या तपासनिसाने माझ्या हुकाला एकामागून एक पितळी वजनं अडकवली आणि माझी सुई कुठे थांबते ते वाकून वाकून बघितलं. माझ्या पाठीवर एक छोटा स्क्रू आहे. तो फिरवला की सुई मागेपुढे सरकते. तपासनीस शेजारच्या कामगाराला म्हणाला, "आधी रिकामी झोळी अडकवायची, मग सुई शून्यावर आणायची. झोळी बदलली की पुन्हा शून्य बघायचं. एवढं सांभाळलं तर हा कधी खोटं बोलणार नाही." मी नवाकोरा होतो, माझी छाती फुगली. हीच सूचना एका कागदावर छापून माझ्यासोबत खोक्यात ठेवली होती. खोकं पुढे कुणीतरी चपला ठेवायला घेतलं आणि कागदाचं काय झालं, ते मला माहीत नाही.

मी जिथे आलो ते एक छोटं आरोग्यकेंद्र होतं. दोन खोल्या. पुढच्या खोलीत एक लांब बाक, लशींचा फ्रिज, हात धुवायचं बेसिन आणि एक टेबल. मागच्या खोलीत औषधांचं कपाट आणि एक पलंग. बाहेरच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं होतं, 'सर्वांसाठी आरोग्य, घराजवळ.' खिडकीतून समोरच्या मोकळ्या जागेतल्या पत्र्याच्या खोल्या दिसायच्या. आसपास मोठमोठ्या इमारतींची कामं चालू होती आणि ती करणारी माणसं त्या खोल्यांत राहायची. काम संपलं की ती जायची आणि दुसरी यायची.

केंद्र दोघींच्या जिवावर चालायचं. एक सिस्टर. उंच, घाईघाईने बोलणारी, पायाला भिंगरी लागलेली. दुसरी मावशी. झाडणं-पुसणं, रांग लावणं, रडणारं मूल गप्प करणं आणि सिस्टरला वेळेवर जेवायला बसवणं ही सगळी कामं मावशीची. सिस्टरकडे भागातल्या घरांची यादी होती. "यादीतलं एक घरसुद्धा सुटता कामा नये," असं ती म्हणायची आणि खरंच शेवटच्या पत्र्यापर्यंत चालत जायची. जे केंद्रात येत नसत त्यांच्याकडे ती मला पिशवीत घालून न्यायची. मी दाराच्या चौकटीला, झाडाच्या फांदीला, एकदा तर पाण्याच्या टँकरलासुद्धा टांगून घेतलं आहे.

दर गुरुवारी केंद्रात बाळांचा बाजार भरायचा. बाळं लाथा मारायची, माझी काच चाटायची, आणि ओलं होणं हा तर माझ्या नोकरीचाच भाग होता. सिस्टर आकडा बघायची आणि बाळाच्या कार्डावर ठिपका द्यायची. कार्डावर तीन पट्टे असतात. ठिपका हिरव्यात पडला तर बाळ ठीक, पिवळ्यात पडला तर लक्ष द्यायचं, लालात पडला तर पळापळ करायची. माझ्यावर एक बारीक रेघ म्हणजे शंभर ग्रॅम. तेवढ्यावरून मी आईला घरी पाठवायचो किंवा थांबवून घ्यायचो. मला फार महत्त्वाचं असल्यासारखं वाटायचं. आता वाटतं, थोडं कमी वाटलं असतं तर बरं झालं असतं.

मित्रांनो, आता मूळ गोष्ट सांगतो.

माझी पहिली झोळी पातळ कापडाची होती. धुऊन धुऊन ती विरली आणि एके दिवशी एका गुटगुटीत बाळाने तिच्यातून एक पाय आरपार बाहेर काढला. सगळे हसले, पण मावशीला ते हसणं लागलं. "उद्या एखादं खाली पडेल," ती म्हणाली. तिने घरी बसून नवी झोळी शिवली. दोन पदरी जाड कापड, आत मऊ अस्तर, काठाला लाल पट्टी, बंद चांगले रुंद. बाळांना गार लागू नये, टोचू नये म्हणून तिने किती जीव ओतला होता! पहिल्यांदाच झोळीत घातलेली बाळं रडेनाशी झाली. आया खूश झाल्या, सिस्टरने मावशीची पाठ थोपटली.

ती झोळी जुनीपेक्षा तीनशे ग्रॅमने जड होती.

तुम्ही म्हणाल, हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? त्याला कारण आमची कामाची पद्धत. रांग मोठी असायची. वेळ वाचावा म्हणून मावशी टेबलावर झोळी पसरायची, बाळाला तिच्यात निजवायची, बंद बांधायची आणि बाळासकट झोळी माझ्या हुकात अडकवायची. आकडा घेतला की बाळासकटच उतरवायची. काम संपलं की झोळी घडी करून खणात जायची. म्हणजे रिकामी झोळी माझ्या हुकाला कधी लागतच नव्हती. पाठीवरचा स्क्रू जुन्या झोळीच्या हिशेबानेच बसलेला होता. त्या दिवसापासून प्रत्येक बाळ माझ्यावर तीन रेघा जास्त भरायला लागलं.

मला पहिल्याच बाळाला कळलं. हुकाला जाणवतं ना! पण मला तोंड कुठे आहे? माझ्याजवळ एक सुई, आणि तीच खोटं बोलत होती.

त्याच गुरुवारी एक आजी आली. समोरच्या पत्र्याच्या खोल्यांत नव्यानेच राहायला आलेली. मुलगा लोखंड वाकवायचा, सून विटा वाहायची, आणि सहा महिन्यांची नात दिवसभर आजीच्या कडेवर असायची. नात जन्मतःच बारीक होती, म्हणून आजी तिला मुंगी म्हणायची. आधीच्या महिन्यात, जुन्या झोळीत, मुंगी पाच किलो नऊशे भरली होती. या वेळी मी दाखवलं सहा किलो शंभर.

"वाढलंय की वजन!" सिस्टर म्हणाली. "दोनशे ग्रॅम."

आजीने नातीला उचललं, तळहातावर घेतल्यासारखं जरा खालीवर केलं. "वाढलं? मला तर हलकी लागतेय हो ही. आठ दिवस पोट बिघडलं होतं तिचं."

"आजी, काटा बघा ना. सहा-शंभर."

"काटा म्हणतो खरं," आजी पुटपुटली आणि कार्ड घेऊन गेली.

आजीचं बरोबर होतं. मुंगी पाच किलो आठशे होती. वाढली नव्हती, शंभर ग्रॅम उतरली होती. त्या दिवशी मी भिंतीवर टांगलेला असताना माझी सुई सारखी थरथरत होती. मावशीने खिडकी लावून घेतली. तिला वाटलं, वारा येतोय.

पुढच्या महिन्यात आजी पुन्हा आली. मी पुन्हा सहा किलो शंभर दाखवलं. या वेळी आजी हटली नाही. "सिस्टर, ही दूध ओढत नाही. पाय बघा तिचे. मी तीस वर्षं भाजी विकली आहे. माझ्या हाताला वजन कळतं."

बाकावर आयांची गर्दी. एकीचं मूल तापाने फणफणलेलं, दुसरीला लस हवी होती, आणि सिस्टरला त्याच दिवशी महिन्याचा अहवाल पाठवायचा होता. तिचा आवाज चढला. "आजी, मुलं म्हणजे काय भाजी आहे का? ठिपका हिरव्यात आहे. वजन उतरलेलं नाही. उगीच घाबरवू नका सुनेला."

दोघी-तिघी फिस्सकन हसल्या. आजीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिने मुंगीला पदराखाली घेतलं, कार्ड टेबलावर तसंच ठेवलं आणि ती निघून गेली. मावशी कार्ड घेऊन मागे धावली. आजीने ते घेतलं, पण वळून बघितलं नाही. मित्रांनो, त्या क्षणी मला कुणी भंगारात घातलं असतं तरी चाललं असतं.

त्यानंतर आजी आली नाही. पंधरा दिवसांनी सिस्टर पत्र्याच्या खोल्यांत गेली, तर ती रांगच रिकामी. ते काम संपलं होतं, माणसं पुढच्या कामावर गेली होती. सिस्टरने यादीत मुंगीच्या घरापुढे 'स्थलांतर' असं लिहिलं. यादीचा हा एक गुण मला तेव्हा कळला. जे निघून जातात ते यादीतूनही जातात, आणि जे उरतात त्यांच्यावरून टक्केवारी काढली जाते. आमची टक्केवारी शंभरच राहिली.

आणि मग झालं माझं कौतुक! ऐका. भागाच्या मोठ्या साहेबांनी अहवाल बघितला. शंभर टक्के बाळांचं वजन, आणि लाल पट्ट्यात एकही नाही! पूर्वी सात-आठ असायची ती पिवळी बाळंही दोनवर आली होती. साहेब पाहुण्यांना घेऊन आले. त्यात दूरदेशीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला हाताने फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "असे काटे मी किती देशांत बघितले. जगात निम्म्या माणसांपर्यंत साधी आरोग्यसेवासुद्धा अजून पुरती पोचलेली नाही. ती पोचवायची तर सुरुवात अशाच दोन खोल्यांतून होते." सिस्टर लाजली. मावशीने माझ्या तबकडीवरून फडकं फिरवलं. माझ्यासोबत सगळ्यांचा फोटो निघाला आणि एक प्रमाणपत्र चौकटीत बसून माझ्या शेजारच्या खिळ्याला लागलं.

ते प्रमाणपत्र तिथे असेपर्यंत मला एक दिवसही चैन पडली नाही. आयुष्यात एवढी वाहवा कधी मिळाली नव्हती, आणि मिळाली ती खोटं बोलल्याबद्दल. जीव टांगणीला लागतो म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला कळणार! आजीच्या हातांना कळलं होतं ते रोज माझ्या हुकाला कळत होतं, आणि आम्हा दोघांपैकी एकाचंही कुणी ऐकत नव्हतं.

असे दोन महिने गेले. मग एका सकाळी मावशीने पलंगाच्या चादरी धुतल्या. मागच्या अंगणातली दोरी चादरींनीच भरली. झोळीला जागा उरली नाही. मावशीने इकडेतिकडे बघितलं आणि ओली झोळी आणून सरळ माझ्या हुकाला अडकवली.

सिस्टर टेबलाशी बसून गोळ्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. तिने सहज वर बघितलं. माझी सुई आठशेवर होती.

"मावशी, पिळली नाहीत का नीट? आठशे ग्रॅम पाणी आहे हिच्यात."

"पिळली की हो. जाड आहे ना ती. सुकेल."

सिस्टर पुन्हा कामाला लागली. ऊन खिडकीतून आत आलं. झोळीतून थेंब पडायचे थांबले. सिस्टरने पुन्हा बघितलं, सहाशे. तिला गंमत वाटली. "बघा मावशी, पाणी उडतंय तसा काटा उतरतोय." पाचशे. चारशे. मी श्वास रोखून धरला होता असं म्हणा हवं तर. माझ्या आयुष्यात मी एवढ्या जोराने कधी काही सांगितलं नव्हतं. बघ, अगं बघ, बघत राहा!

जेवणाच्या सुट्टीनंतर सुई तीनशेवर होती. तासाभराने तीनशेवरच. सिस्टर उठली. तिने झोळीला हात लावला, अस्तर चाचपलं, बंद चाचपले. झोळी कडकडीत सुकली होती. सिस्टरने मला टिचकी मारली. सुई हलली आणि पुन्हा तीनशेवर येऊन उभी राहिली.

"मावशी," ती अगदी हळू म्हणाली, "ही झोळी आपण कधीपासून वापरतोय?"

मावशीला आधी काही कळलं नाही. कळलं तेव्हा तिने काठाच्या लाल पट्टीवर हात ठेवला. "मी शिवली. माझ्या हाताने शिवली. बाळांना गार लागू नये म्हणून."

"झोळी तुम्ही शिवलीत. शून्य बघणं माझं काम होतं," सिस्टर म्हणाली. तिने सगळ्या बाळांच्या नोंदी टेबलावर काढल्या. अठ्ठावन्न बाळं. नवी झोळी आल्यापासूनच्या प्रत्येक वजनातून तीनशे वजा करत ती नवा ठिपका देऊ लागली. ठिपके हिरव्यातून पिवळ्यात उतरत गेले. नऊ झाले. मग दोन लालात गेले. शेवटी मुंगीची नोंद आली. सिस्टरने वजाबाकी केली आणि पेन खाली ठेवलं. पाच किलो आठशे, पुन्हा पाच किलो आठशे. त्यापुढे काही नाही.

"ती आजी सांगत होती," सिस्टर म्हणाली. "आणि मी तिला भाजीवरून टोमणा मारला."

तिने साहेबांना फोन लावला. मला एकच बाजू ऐकू यायला हवी होती, पण साहेबांचा आवाज असा, की खोलीभर ऐकू येत होता. "अहो सिस्टर, अहवाल कधीच वर गेला! प्रमाणपत्र मिळालं! आता तीनशे ग्रॅमसाठी काय गोंधळ घालताय? पुढच्या महिन्यापासून नीट करा म्हणजे झालं."

"साहेब, तुमच्या-माझ्या अंगावर तीनशे ग्रॅम म्हणजे जेवणाआधी आणि जेवणानंतरचा फरक. हे सहा किलोच्या बाळाचे आहेत."

मग साहेब खाकरले. "लिहून पाठवा. जसं झालं तसं लिहा." साहेबांच्या बाजूने हेही सांगितलं पाहिजे, की पुढे त्यांनी सगळ्या केंद्रांना रिकामी झोळी टांगून बघायला लावली. आणखी तीन ठिकाणी सुई शून्यावर नव्हती.

दोन आठवड्यांत सिस्टरने सगळ्या बाळांची पुन्हा वजनं केली. मावशीने रडत-रडत पातळ कापडाची झोळी शिवली आणि सिस्टरने माझा स्क्रू फिरवून मला शून्यावर आणलं. लालातली दोन्ही बाळं दवाखान्यात पोचली. राहिली ती फक्त मुंगी. आणि ती तर यादीतच नव्हती!

सिस्टरने मला पिशवीत घातलं आणि रजा काढून शोधायला निघाली. पिशवीच्या कापडातून मला उजेड तेवढा दिसत होता. बस, मग चालणं, मग बस. पहिल्या कामावर कुणालाच काही माहीत नव्हतं. दुसऱ्या कामावरचा रखवालदार म्हणाला, "लोखंडवाले? ते गेले नदीपलीकडे. तिथे मोठं काम निघालंय." सिस्टरने त्याच्याकडून पत्ता नीट लिहून घेतला. अन्नाचा कण तिच्या पोटात नव्हता. माझी तर प्रत्येक खड्ड्याला स्प्रिंग वाजत होती. आम्हा दोघांना एकच धास्ती होती, मुंगी असेल ना?

नदीपलीकडचं काम म्हणजे एक सात मजली रुग्णालय होतं. नुसता सांगाडा उभा. त्याच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्या. तिसऱ्या खोलीच्या दारात आजी बसली होती. मांडीवर मुंगी होती.

नऊ महिन्यांची मुंगी. मान एका बाजूला कललेली, डोळे मोठे, गालांवर सुरकुत्या. माशी बसली तरी हात हलत नव्हता.

आजीने सिस्टरला ओळखलं. "कशाला आलात? आम्ही तुमच्या यादीत नाही आता."

"आजी, वजन करायला आले आहे."

"नको. तुमचा काटा म्हणेल छान आहे. सून ऐकते काट्याचं. मी दोन महिने म्हणतेय, दवाखान्यात नेऊ या, तर ती म्हणते, आई, तिथे हिरवं सांगितलंय, तुम्ही उगीच घाबरता." "तुम्ही सगळ्यांसमोर हसं केलंत माझं."

सिस्टर तिथेच मातीत बसली. साडी खराब होईल याचं भान तिला नव्हतं. "आजी, चुकलं माझं. काटा चुकीचा लावला होता, मी बघितलं नाही. तुमचे हात बरोबर होते. पहिल्या दिवसापासून बरोबर होते."

आजी पिशवीकडे बोट करून म्हणाली, "रिकामा दाखवा आधी. रिकामा दाखवल्याशिवाय मी कधी पावशेर टोमॅटोसुद्धा विकले नाहीत."

सिस्टरने मला परांचीच्या आडव्या लाकडाला टांगलं. रिकामी झोळी अडकवली. आजी उठली, अगदी जवळ आली, डोळे बारीक करून तिने माझी सुई बघितली. शून्य. तिने बोटाने झोळी हलवली, थांबली, पुन्हा बघितलं. शून्य. मग तिने स्वतः मुंगीला झोळीत ठेवलं.

मित्रांनो, मी हजारो बाळं पेलली आहेत. लाथा मारणारी, ओरडणारी, सुई थांबूच न देणारी. मुंगी झोळीत ठेवली आणि सुई लगेच थांबली. काही हललंच नाही. पाच किलो सहाशे. ठिपका लाल पट्ट्याच्या पार खाली.

"आता बोलला खरं," आजी म्हणाली आणि रडायला लागली.

सून धावत आली, हातांना सिमेंट लागलेलं. सिस्टरने तिला काही समजावत बसायच्या आधीच रिक्षा थांबवली होती. मुलांच्या वॉर्डात मुंगी तीन आठवडे राहिली. आजी तिच्या उशाशी. काय झालं, किती प्यायली, कितीदा ताप आला, हे सगळं मला मावशी आणि सिस्टरच्या बोलण्यातूनच कळायचं. दुसऱ्या रात्री तिचा काही भरवसा नव्हता, असं सिस्टर म्हणाली. मी भिंतीवर होतो. करण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. सिस्टरने प्रमाणपत्र खिळ्यावरून उतरवून कपाटात टाकलं होतं, तेवढाच एक दिलासा.

मग एका गुरुवारी आजी दारात उभी राहिली. बसने नदी ओलांडून आली होती. रांगेतल्या आयांना तिने बाजूला व्हायला लावलं, आधी रिकामी झोळी बघितली आणि मग मुंगीला आत घातलं. सहा किलो दोनशे. मुंगीने माझ्या काचेवर हात आपटला. इतका छान मार मी आयुष्यात खाल्ला नव्हता. त्यानंतर दर गुरुवारी ती यायची. सहा-पाचशे. सहा-आठशे. सात किलो दोनशे. बाकावरच्या आयांना आजी विचारायची, "तुझ्या हाताला कशी लागते ग?" आणि सिस्टर आकडा लिहिण्याआधी तेही ऐकून घ्यायची. टक्केवारी घसरली, केंद्राचा नंबर खाली गेला, पण बाकावरची गर्दी वाढली.

सात मजली रुग्णालयाचा सांगाडा पुरा झाला तशी लोखंडवाल्यांची गरज संपली. मुंगीचं घर पुन्हा हललं. सिस्टरने आजीच्या हातात कार्ड दिलं, त्याच्या पाठीवर ठळक अक्षरात आपला नंबर लिहिला आणि बजावलं, "जाल तिथे आधी केंद्र शोधायचं. कुणी ऐकलं नाही तर मला फोन." दोनदा फोन आला. सात-आठशे. आठ-शंभर. मग फोन लागेनासा झाला. नंबर बदलला असेल, हरवला असेल. सिस्टरने यादीत त्या घरापुढे या वेळी काहीही लिहिलं नाही. ती ओळ तिने तशीच उघडी ठेवली आहे.

आता केंद्रात बॅटरीवर चालणारा नवा काटा आला आहे. तो टेबलावर बसतो आणि आकडे उजळून दाखवतो. सिस्टर त्यालाही रोज सकाळी रिकामा तपासते. मी मागच्या खोलीत कपाटाच्या वर पडून असतो. माझ्यावर धूळ बसते. त्याचं मला वाईट वाटत नाही, जुन्या वस्तूंचं असंच चालायचं. मला फक्त स्वस्थता नाही. मी मोजलेल्या बाळांपैकी एकच बाळ मी रात्रंदिवस मोजत असतो. ती आता चालायला लागली असेल. एखाद्या नव्या कामावर, एखाद्या पत्र्याच्या खोलीसमोर.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या घराजवळ कुठेतरी एखादी इमारत उभी राहत असेल. तिच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्या असतील, तुम्ही रोज त्यांच्यासमोरून जात असाल. तिथली मुलं तुमच्या भागातल्या यादीत आहेत का, हे मोठ्यांना विचारायला लावा. तिथल्या आजीला विचारा, कार्ड आहे का, केंद्र माहीत आहे का. माहीत नसेल तर नुसतं बोट दाखवू नका, सोबत चालत जा. आणि एखादी आई म्हणाली की बाळ हलकं लागतंय, तर तिला हसू नका. तिथे मुंगी भेटेलच असं नाही. भेटली तरी तिचं वजन किती भरलं, ते मला कधीच कळणार नाही. तुम्ही तरीही विचारा.